रेंजवर ५० मीटर जमतंय, मग एल्कवर किती लांबून बाण सोडावा?

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी, अडीच वर्षं कंपाउंड (चाकांचं धनुष्य) मारतोय, ठाण्यातच क्लब आहे, पावसाळ्यात इनडोअर १८ मीटर आणि बाकी वर्ष बाहेर ५० मीटर. माझा मेहुणा कोलोरॅडोत असतो, तो दर सप्टेंबरात धनुष्य घेऊन एल्कच्या (तिकडचं मोठं हरीण) शिकारीला जातो आणि या वेळी मला पण चल म्हणतोय, लायसनसाठी लागतो तो हंटर एज्युकेशनचा कोर्स करतोय सध्या (आईला अजून सांगितलं नाहीये की गणपतीत मी नसेन, तो वेगळा विषय).

तर प्रश्न असा की मेहुणा म्हणतो पहिल्या वर्षी ३० यार्डाच्या पुढे धनुष्य उचलायचंच नाही. ३० यार्ड म्हणजे साडेसत्तावीस मीटर फक्त!! मी ५० मीटरवर ७२ बाणांत ७२० पैकी ६६० च्या आसपास गुण मारतो, म्हणजे बहुतेक बाण बशीएवढ्या जागेत. एल्कची छाती तर केवढी मोठी असते, नर ३०० किलोच्या वर जातो. मग ६० यार्ड, म्हणजे ५५ मीटर, का नको? तो उगाच मला लहान मूल समजतोय का?

नेरुळचा_काका

लहान मूल नाही समजत, बरोबर बोलतोय तो.

६६० हा ७२ बाणांचा हिशोब आहे. त्याआधी तू सरावाचे बाण मारलेले असतात, अंतर माहीत असतं, जमीन सपाट असते, सहा बाणांना चार मिनिटं मिळतात आणि एक बाण सात गुणांच्या वर्तुळात गेला तर पुढचा दहाच्या वर्तुळात मारून भरून काढता येतं. तिकडे पहाटेपासून थंडीत बसून गारठलेल्या हातांनी एकच बाण. तुझा दिवसातला पहिला बाण कुठे जातो ते कधी लिहून ठेवलंयस? ठेव. महिनाभर फक्त पहिलाच बाण मोज, मग बोलू.

आता वेळेचं गणित बघ. शिकारीचा बाण जड असतो, ६० पाउंड ओढीच्या धनुष्यातून सेकंदाला २५० फुटांच्या आसपास जाईल असं धर. ६० यार्डाला पाऊण सेकंद लागतो जवळजवळ. दोरीचा आवाज मात्र एल्कच्या कानावर सेकंदाच्या सहाव्या हिश्शात पोचतो. म्हणजे आवाज ऐकल्यावर अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ आहे त्याच्याकडे. आणि दचकलाच पाहिजे असंही नाही, नुसता चरता चरता एक पाऊल पुढे गेला की छातीवर धरलेला बाण पोटात. ३० यार्डाला हाच वेळ निम्मा. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली ती ५० मीटरवरच, पण तिच्यासमोरचा टार्गेटचा कागद पाऊल टाकत नव्हता.

खारघर_हिरवं

मुळात मारायचंच कशाला? आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद आहे आणि इथे बसून अंतरं काय विचारताय. फोटो काढा ना, कॅमेऱ्याला ६० काय ३०० यार्ड पण चालतात.

नेरुळचा_काका

तुमचं म्हणणं मान्य आहे आणि मी स्वतः कधी मारलेलं नाही. पण तिकडे ते कायदेशीर आहे, किती मारायचे ते राज्य ठरवतं आणि लायसनचा पैसा वन्यजीवांवरच खर्च होतो. तो जाणारच आहे तर जनावर तडफडू नये एवढं तरी सांगूया की.

परतलेला_डेन्व्हरकर

मी अकरा वर्षं होतो तिकडे, आता पाचपाखाडीत. हे मी सहसा लिहीत नाही पण तू ६० म्हणालास म्हणून लिहितोय.

माझा तिसरा सीझन होता. घरामागे ६० यार्डापर्यंत रोज मारायचो, ग्रुप झकास. संध्याकाळी एक नर आला, अगदी आडवा उभा, वारा नाही, रेंजफाइंडरवर (अंतर मोजायचं यंत्र) ५२ यार्ड. मनात म्हटलं हे तर रोजचंच. रिलीज (दोरी सोडायचा खटका) दाबला आणि त्याच क्षणी तो पुढच्या गवताला तोंड लावायला एक पाऊल सरकला. धप्प आवाज आला, तो पण चुकीचा. बाण सापडला त्यावर हिरवट चिकट आणि वास, म्हणजे पोट. अशा वेळी आठ ते बारा तास हलायचं नाही हे कोर्समध्ये घोकलेलं होतं, तरी मी तासाभरात मागावर निघालो कारण अंधार पडत होता आणि बसवत नव्हतं. बसल्या जागेवरून उठवला मी त्याला. पुढे रक्त थेंबाथेंबाने, मग तेही नाही. दोन दिवस शोधला आम्ही तिघांनी. नाही मिळाला. टॅग (एक जनावर मारायचा परवाना) खिशातच होता पण त्या वर्षी परत धनुष्य उचललं नाही.

माझ्या धनुष्यात काही दोष नव्हता रे. नेम पण बरोबर होता, जनावर हललं.

म्हणून ३० म्हणजे ३०, आणि तेही आडवा असेल किंवा तिरका, तोंड पलीकडे करून उभा असेल तरच. तोंड आपल्याकडे असेल तर २० वर पण नको, फऱ्याचं हाड मध्ये येतं आणि त्यावर बाण अडकतो. अगदी फुफ्फुसात लागला असं वाटलं तरी अर्धा-पाऊण तास गप बसायचं, यकृतात (लिव्हरमध्ये) लागला असेल तर चार-सहा तास.

कासारवडवलीकर

डेन्व्हरकर दादा, वाचून गप्पच झालो. थँक्यू लिहिल्याबद्दल.

मग ३० पर्यंत जवळ जायचं कसं, तो एवढं मोठं जनावर, नाक केवढं तीक्ष्ण?

परतलेला_डेन्व्हरकर

मेहुणा माद्यांचा आवाज काढून बोलावेल, सप्टेंबरात नर माजावर असतात, ते स्वतःच चालत येतात. तू फक्त वारा सांभाळ. डोंगरात सकाळी थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढायला लागते, त्यामुळे सकाळी खालून गाठायचं आणि दुपारी वरून. जवळ नाही आला तर नाही आला, पाच सीझन मी रिकाम्या हाताने आलोय.

आणि दम! तिकडे ९-१० हजार फुटांवर असशील, आपण समुद्रसपाटीची माणसं. धापा टाकत मारायचा सराव कर.

येऊरवाला

ब्रॉडहेडबद्दल (शिकारीचं धारदार पात्यांचं टोक) कोणीच नाही बोललं. फील्ड पॉइंट (सरावाचं साधं टोक) लावून जुळवलेली नेमाची साइट ब्रॉडहेडला तशीच चालेल असं धरू नकोस, बाण जड झाला की खुणा पण सगळ्या बदलतात. आणि चढ-उतारावर मारताना सरळ रेषेतलं अंतर नाही धरायचं, आडवं धरायचं, ३० अंशाच्या उतारावर ४० यार्ड दिसतात ते मारायला साडेचौतीसच असतात, चांगले रेंजफाइंडर हे स्वतः करतात.

हा सराव क्लबच्या कोचना विचारून रेंजवरच कर हां. येऊरला धनुष्य घेऊन फिरकू पण नकोस, नॅशनल पार्क आहे ते, आणि सोसायटीच्या गच्चीवर तर अजिबात नाही.

कासारवडवलीकर

अपडेट देतो. बारा दिवस पहिला बाण लिहिला. मैदानाच्या गॅलरीच्या पायऱ्या चार वेळा धावत चढून-उतरून लगेच ड्रॉ करायचा आणि कागदी प्लेटवर एकच बाण, नऊ इंची प्लेट, वाढदिवसाला आणतो ती. ३० यार्डावर सहा दिवस मारले, सहाही आत. ४० वर चार दिवस, दोन आत. ५० मीटरवर दोन दिवस मारले, एक प्लेटच्या बाहेर आणि एक टार्गेटच्या फोमच्याच बाहेर, तो बाण अजून सापडला नाहीये, कोचने वीस मिनिटं शोधायला लावलं.

मेहुण्याला फोन करून ३० मान्य आहे म्हणालो.

नेरुळचा_काका

फील्ड पॉइंट लावून ना? आता ब्रॉडहेड लावून परत बारा दिवस. आणि आईला सांग बाबा आधी.