नवीन पोराचा हात मशीनमध्ये गेला, तर चूक कुणाची?

रात्रपाळी (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात आमच्या शॉपफ्लोअरवर एकोणीस वर्षांच्या मुलाचं बोट प्रेसमध्ये गेलं. डाव्या हाताची तर्जनी, दुसऱ्या पेरापासून. कामावर येऊन त्याला अकरा दिवस झाले होते. अहवालात कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता, 'निष्काळजीपणा'. साक्षीदार म्हणून मला त्यावर सही करायची होती. मी केली नाही.

ज्यांना प्रेस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पत्रा दाबून त्याला आकार देणारं हे मशीन. तिला दोन बटणं असतात, मुद्दाम एकमेकांपासून लांब बसवलेली. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच ती खाली येते, म्हणजे दोन्ही हात डायच्या (साच्याच्या) बाहेर राहतात. आमच्या प्रेसचं एक बटण कित्येक महिने वायरने बांधून ठेवलं होतं. एक हात मोकळा राहिला की माल भराभर निघतो. त्या पोराने काहीही काढलं नव्हतं, काही बांधलंही नव्हतं. त्याच्या हातात मशीन आलं तेच तसं. ते असंच चालतं असं त्याला वाटलं, कारण दुसऱ्या तऱ्हेने चाललेलं त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

युरोपातली आकडेवारी सांगते की 18 ते 24 वयाच्या कामगारांमध्ये जीवघेणे नसलेले अपघात मोठ्यांपेक्षा 40 टक्क्यांहून जास्त प्रमाणात होतात. हे वाचून लोक लगेच 'तरुण रक्त' म्हणतात. मला ते पटत नाही. नवीन माणसाला धोका दिसत नाही, आणि दिसला तरी 'नाही' म्हणायची त्याची टाप नसते. तुमचं मत सांगा.

जुनाफिटर

मत सांगतो, पण तुम्हाला आवडणार नाही. एकतीस वर्षं मशीनवर काढली आहेत आणि पोरं शिकवली आहेत. वायर बांधणाऱ्याची चूक आहेच, त्यावर वाद नाही. पण त्या एका वायरवरून सगळ्या पोरांना निर्दोष ठरवू नका.

ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत हे मी एका ट्रेनीला तीनदा सांगितलं. चौथ्या दिवशी घातलेच. फिरत्या ड्रिलने मोज्याचं टोक पकडलं आणि मनगट पिरगळलं. दोन हाडं मोडली. तिथे गार्ड (संरक्षक झाकण) होता, बटण नीट होतं, सांगणारा मी समोर उभा होतो. मग चूक कुणाची? खिशातला मोबाईल वाजला की हात आपोआप तिकडे जातो, तो काय मालकाने लावलेला असतो? शंभरातले 88 अपघात माणसाच्या चुकीच्या वागण्याने होतात, हे आम्हाला सेफ्टीच्या वर्गात शिकवलं होतं.

लोखंडीचष्मा

तो 88 चा आकडा कुठून आला ते पाहा. अमेरिकेत विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिख यांनी तो 1931 मध्ये मांडला. विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं आणि कारखान्यांनी ठेवलेल्या नोंदी हा त्याचा पाया. त्या नोंदी कोण लिहायचं? सुपरवायझर आणि मालक. म्हणजे वर धागाकर्त्याने ज्या रकान्यावर सही नाकारली, तसे हजारो रकाने एकत्र केले की 88 टक्के निघणारच. नव्वद वर्षं उलटली तरी तो वर्गात शिकवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि काका, हातमोज्यांबद्दल. त्याच शॉपमध्ये पत्रे उचलताना 'हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही' असा दम देतात की नाही? मग ड्रिलपाशी तोच मोजा घातला म्हणून ओरडतात. पत्र्याची धार कापते म्हणून मोजा हवा, फिरतं मशीन कापड ओढून घेतं म्हणून मोजा नको, हे कारण तुम्ही सांगितलं होतं का? की फक्त 'घालायचे नाहीत' एवढंच?

जुनाफिटर

फक्त 'घालायचे नाहीत' एवढंच सांगितलं होतं. हे मान्य करतो.

पण मोबाईलचं उत्तर तुम्ही दिलं नाही.

आठमाणसांचंवर्कशॉप

मी मालकाच्या बाजूने बोलतो, कारण इथे दुसरं कुणी बोलणार नाही. आठ माणसं आहेत माझ्याकडे. प्रत्येक नव्या मुलामागे एक अनुभवी माणूस महिनाभर उभा करायचा तर माझं एक मशीन बंद राहतं. नियम वाढवत नेले की माझ्यासारखा माणूस एकच करतो, पंचवीसच्या खालचा मुलगा घेतच नाही. मग तो शिकणार कुठे? आज काळजीपोटी त्याला दारातच अडवलं, तर उद्या तो याहून वाईट ठिकाणी, कसलीही नोंद नसलेल्या कामाला जाईल. याचा विचार करा.

रात्रपाळी

तुमची अडचण खरी आहे, पण दारात अडवा असं मी म्हणतच नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1973 च्या किमान वयाच्या करारातही धोकादायक कामाला 18 ची अट आहे, आणि पूर्ण संरक्षण व त्या कामाचं नेमकं प्रशिक्षण दिलं तर 16 पासूनही वाट मोकळी ठेवली आहे. म्हणजे प्रश्न वयापाशी थांबत नाही, शिकवण्यापाशी येतो.

महिनाभराच्या खर्चाचं म्हणाल तर, कॅनडातल्या अभ्यासात दिसलं आहे की पहिल्या महिन्यातल्या कामगाराला, रजा घ्यावी लागेल अशी इजा होण्याचा धोका वर्षभराहून जुन्या माणसाच्या तिपटीहून जास्त असतो. हे कुठल्याही वयाच्या नवख्याला लागू आहे. तरुण जास्त सापडतात, कारण नव्या जागी नेहमी तेच असतात, आणि नोकऱ्या बदलत राहिल्याने पुन्हा पुन्हा पहिल्या महिन्यात येतात. तुमचा तो एक महिना सगळ्यात महागाचा आहे. मशीन तेव्हाच थोडं बंद राहू द्या.

वॉर्डातली

तुम्ही सगळे बोटांवर अडकला आहात. बोट गेलं की निदान आरडाओरडा होतो, अहवाल लिहिला जातो. मी परिचारिका आहे. नवीन मुलींना सुई टोचते, ती वापरलेल्या सुईला टोपण परत लावताना, रात्रपाळीच्या शेवटच्या तासात. त्यातल्या कित्येक जणी सांगतच नाहीत, कारण 'सुई सुद्धा धरता येत नाही' हे ऐकायची भीती. खरं तर टोचल्यानंतरचे पहिले काही तास मोलाचे असतात, एचआयव्हीपासून वाचवणारं औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. लाजेपायी तेच तास जातात.

आणि काही इजा त्या दिवशी दिसतच नाहीत. आठ तास 85 डेसिबलच्या आवाजात काम केलेल्या विशीतल्या मुलाला त्या दिवशी काही जाणवत नाही. ऐकू येणं हळूहळू कमी होतं आणि परत येत नाही. कृत्रिम दगडाचे ओटे कापणाऱ्यांचं पाहा. त्या दगडात सिलिकाचं प्रमाण 90 टक्क्यांपर्यंत जातं. कोरडा कापला की सूक्ष्म धूळ फुप्फुसात बसते. तिशीतली माणसं सिलिकोसिसने, म्हणजे या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराने, धाप टाकू लागली, तेव्हा ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून तो दगड वापरण्यावरच बंदी घातली. 'पोरगं मास्क घालत नव्हतं' म्हणून हा प्रश्न मिटवता आला नसता. श्वास घेणं हा निष्काळजीपणा नाही.

जुनाफिटर

ताई, धुळीचं तुमचं बरोबर. तिथे पोराच्या हातात काहीच नसतं.

पण मशीनवर एक फरक मी रोज बघतो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस नव्याने आला तर तो विचारतो. वीस वर्षांचा विचारत नाही. मान हलवतो, 'हो, समजलं' म्हणतो. त्याला वाटतं, विचारलं तर आपण कच्चे ठरू. हा वयाचाच गुण आहे.

लोखंडीचष्मा

गुण वयाचा असेल, पण त्याला खतपाणी कोण घालतं? पंचेचाळीसचा माणूस विचारतो तेव्हा आपण 'अनुभवी आहे, नीट समजून घेतोय' म्हणतो. विसाच्या पोराने तोच प्रश्न केला की 'एवढंही येत नाही?' आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्याच 1981 च्या सुरक्षा कराराच्या तेराव्या कलमात स्पष्ट आहे की जिवाला तातडीचा, गंभीर धोका आहे असं सबळ कारणाने वाटून कामावरून बाजूला झालेल्याला त्याची शिक्षा होता कामा नये. ते कलम पहिल्या दिवशी नव्या पोराला वाचून दाखवणारा एकही सुपरवायझर मी पाहिलेला नाही.

जुनाफिटर

कलम वाचून पोरगं हात वर करत नाही. मी सोमवारपासून एक करून बघणार आहे. मशीन सुरू कसं करायचं ते आधी शिकवायचं नाही, बंद कसं करायचं ते शिकवायचं. पहिल्या दिवशी त्याला मी कारण नसताना पाच वेळा मशीन थांबवायला लावणार, सगळ्यांच्या देखत. म्हणजे थांबवलं म्हणून कुणी ओरडत नाही, हे त्याला दिसेल. मोबाईल मात्र लॉकरमध्येच. ते मी सोडणार नाही.

रात्रपाळी

मोबाईल लॉकरमध्ये, मलाही मान्य. फक्त सुपरवायझरचाही.

आमच्याकडचं सांगतो. अहवाल परत लिहिला गेला, कारणात बांधलेल्या बटणाचा उल्लेख आला. वायर काल कापली. ताशी किती नग काढायचे तो आकडा मात्र होता तोच ठेवला आहे.

जुनाफिटर

मग महिन्याभरात ती वायर परत बसलेली असेल. कोण बांधतंय ते शोधत बसू नका, आकडा खाली आणायला सांगा. लेखी सांगा. खाली सहीला अनुभवी माणूस हवा असेल तर मला मेसेज करा.