मदत हवी आहे: आधार चंदगडचं, संसार बेळगावात, बी.एड.ची फी डोक्यावर

शिनोळीपलीकडची:

नमस्कार मंडळी. लेक झोपल्यावर लिहायला बसलेय, त्यामुळे विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

मी २८ वर्षांची, बी.एड.च्या पहिल्या वर्षाला. माहेर महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात; सासर कर्नाटकात, खानापूर तालुक्यात. मी, नवरा आणि पावणेचार वर्षांची लेक बेळगावच्या अनगोळात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतो. नवरा उद्यमबागेत एका फौंड्रीत मशीनवर आहे. माझं शिक्षण सगळं महाराष्ट्रात झालेलं, म्हणून मॅनेजमेंट सीट घेतली. फीचा पहिला हप्ता माझी शिल्लक आणि भावाचे हातउसने मिळून भरला. दुसरा ३०,००० चा, पुढच्या महिन्याअखेर.

वहीतला हिशेब उतरवते. यांचे हातात १७,४०० येतात. भाडं ४,५००. फायनान्सचा आठवड्याचा हप्ता ६२०, म्हणजे महिन्याला २,४८०. भिशी १,०००. अंगणवाडी सुटल्यापासून मी येईपर्यंत शेजारच्या मावशी लेकीला बघतात, त्यांना ८००. लाइटचे घरमालक ३०० घेतात. माझ्या कॉलेजच्या बसला रोज ४० धरून ९६०. उरले ७,३६०. यातच गॅस, दूध, भाजी, किराणा, लेकीचा खोकला आणि माझ्या पाठाचे तक्ते. (एका पाठाला तक्ते, चित्रं, झेरॉक्स मिळून दीडशे रुपये सहज जातात. हे कुणी प्रवेश घेताना सांगत नाही.)

आता मूळ अडचण. सरकार बायकांना इतकं देतंय असं रोज ऐकते, आणि माझ्या नावावर एक रुपया नाही. लग्नाला पाच वर्षं झाली तरी आधारवर पत्ता माहेरचा आणि नाव बाबांच्या रेशन कार्डात, हे त्याचं कारण. परवा कर्नाटकच्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या चौघींना शून्याची तिकिटं मिळाली (इथल्या पत्त्याच्या बायकांना बस फुकट). माझं आधार कंडक्टरने उलटून पाहिलं, म्हणाला, "इदु महाराष्ट्रद्दु, अक्का," आणि हात पुढे केला. त्याचं काही चुकलं नाही. पण मुठीतले सुटे मोजताना त्या चौघी माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मी पाहुणी. लाल परीत बसले तर सीमेवरच्या शिनोळीपासून पुढे अर्धं तिकीट. म्हणजे माहेरी जाताना सवलत, कॉलेजला जाताना नाही.

बाळंतपणही माहेरी झालं. पहिल्या बाळंतपणाला मिळणारे मातृवंदना योजनेचे ५,००० तेव्हा तिथल्या अंगणवाडीत भरायचे की इथल्या, या घोळातच गेले.

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० सासूबाईंच्या खात्यात येतात, कारण गावच्या रेशन कार्डात त्या प्रमुख. त्यातून त्या नणंदेच्या लग्नासाठी बचत संघाकडून घेतलेल्या कर्जाचा हप्ता भरतात. माझा प्रश्न तुम्हाला आगाऊ वाटेल, पण विचारतेच: यातले थोडे मागावेत का? की कार्डच वेगळं करून घ्यावं? ३०,००० साठी यांचं म्हणणं आहे गंठण ठेवूया. मला गंठण ठेवायचं नाही. आणि कागदांचं म्हणाल तर सुरुवात कुठून करू? एक मागायला गेलं की दुसरं आणा म्हणतात.

---

खानापूरवाला:

ताई, सगळ्यात आधी आधार. बाकी सगळं त्याच्या मागं येतंय. २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलता येतोय. तुम्ही ऑनलाइन विनंती घालायची, त्यात मिस्टरांचा आधार नंबर द्यायचा, त्यांनी ३० दिवसांच्या आत आपल्या लॉगिनमधून होय म्हणायचं. झालं. त्यांचा पत्ता खानापूर तालुक्यातला आहे न्हवं? मग चालतंय, बसवाल्याला कर्नाटकचा पत्ता पाहिजे, अनगोळचा नव्हे.

खरं नात्याचा पुरावा लागतोय. लग्नाचा दाखला काढलाय काय?

---

शिनोळीपलीकडची:

नाही. लग्नपत्रिका आणि अल्बम आहे.

---

खानापूरवाला:

अल्बम कोण बघतंय ओ! लग्न माहेरच्या गावात लागलं असेल तर तिथल्या ग्रामपंचायतीत ग्रामसेवकच विवाह निबंधक असतोय. दोघांनी जायचं, तीन साक्षीदार घ्यायचे. उशिराचा थोडा दंड घेतात. आधारला स्वघोषणापत्रही चालतंय, खरं दाखला पुढं रेशनला आणि बँकेला लागणारच, एकदाच काढून ठेवा. त्याच फेरीत चंदगडच्या तहसीलमध्ये पुरवठा विभागातून नाव कमी केल्याचा दाखला घ्या. तो हातात आल्याशिवाय इकडच्या कार्डात नाव चढत नाही.

---

फुकटचा सल्ला:

आधार महाराष्ट्राचं आहे तर बदलताय कशाला? लाडकी बहीण भरा की. महिन्याला १,५००!

---

निवृत्त बँकवाला:

वरच्या सल्ल्याला नाव शोभतं. ती योजना महाराष्ट्रात राहणाऱ्या बाईसाठी आहे. ही बाई अनगोळात राहते. २०२५ मध्ये महाराष्ट्राने पडताळणी करून कितीतरी नावं काढली. गंमत अशी, की उलट झालं असतं, म्हणजे बेळगावची मुलगी चंदगडला दिली असती, तर तिला नवऱ्याच्या कागदांवर तिथे अर्ज करता आला असता.

आता फीबद्दल. गंठण ठेवू नका असं मी भावनेने म्हणत नाही. सोनेतारणाची मुदत साधारण वर्षाची. वर्षाने तुम्ही दुसऱ्या वर्षाची फी भरत असणार. तेव्हा सोडवणार कशाने? व्याज भरून नूतनीकरण कराल, आणि मग ते गंठण बँकेचंच. शैक्षणिक कर्ज ४ लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं. लग्न झालेल्या विद्यार्थिनीला सहकर्जदार म्हणून नवरा चालतो. नेहमीच्या योजनेत कोर्स आणि वर नोकरी शोधायला एक वर्ष, एवढ्या काळात हप्ता नसतो. व्याज मात्र चालू असतं, जमेल तसं भरत राहा. पण बँकेचं काम पुढच्या महिन्याअखेर होईल या भरवशावर राहू नका. ते दुसऱ्या वर्षासाठी आत्तापासून सुरू करा. कॉलेजकडून फीचं पत्रक आणि बोनाफाइड घ्या.

या हप्त्यासाठी तुमची भिशी किती जणींची?

---

शिनोळीपलीकडची:

बारा जणींची. माझा नंबर अजून लागला नाही.

---

निवृत्त बँकवाला:

म्हणजे १२,०००. ज्यांची चिठ्ठी निघेल त्यांच्याशी बदल करता येतो का विचारा, बायका एवढं ऐकतात. उरलेल्या १८,००० चे दोन-तीन भाग करून द्या म्हणून कॉलेजला लेखी अर्ज. तोंडी नव्हे. लेखी अर्जाची पोच घ्या.

आणि मिस्टरांच्या पगारपत्रकावर ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, कापलेला दिसतो का? पगार २१,००० च्या आत आहे, कारखान्यात दहाच्या वर माणसं असणारच. पाऊण टक्का कापतात आणि त्यात तुम्ही आणि लेक दोघीही येता. लेकीच्या खोकल्याला खासगी दवाखान्यात किती जातात ते वहीत बघा.

---

निपाणीची काकू:

अगं बाळ, सासूच्या पैशाचं मी सांगते. रेशन कार्डावर घरातली सगळ्यात मोठी बाई प्रमुख, हे अन्न सुरक्षा कायद्यातच आहे. तिने तुझ्याकडून काही हिसकावलेलं नाही. कार्ड वेगळं करायच्या नादाला आत्ता लागू नकोस. नवीन कार्डाचे अर्ज बारा महिने चालू नसतात, आणि तू वेगळी निघालीस की गावात चार तोंडं सुरू होतात. आधी आपलं आणि पोरीचं नाव त्यांच्या कार्डात घाल. धान्य वाढेल, ते गावाहून पिशवीतून येईल.

पैसे मागू नकोस. वेळ माग. आठशे रुपये मावशीला देतेस ना?

---

कडोलीचा:

काकूंशी अर्धाच सहमत. दोन हजार घरातल्या बाईसाठी आहेत, आणि घरातली शिकणारी बाई ही आहे. नणंदेच्या लग्नाचं कर्ज सुनेने मुकाट सोसायचं हे मला पटत नाही. पण वेळेचं म्हणणं बरोबर.

लाइटचं कुणी बोललं नाही. गृहज्योती, म्हणजे कर्नाटकची फुकट विजेची योजना, भाडेकरूलाही आहे, मीटर वेगळा असला पाहिजे. बिलावरचा आरआर नंबर (वीजजोडणीचा नंबर) आणि तुमचं आधार जोडायचं, बेळगाव वनच्या सरकारी सेवा केंद्रात करून देतात. मीटर एकच असेल तर मालकाला हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, बिल दाखवा म्हणा. बिल शून्याचं आणि तुमच्याकडून ३००, असंही असतं कुठे कुठे.

आणि बससाठी आधारच हवं असं नाही. कर्नाटकातला पत्ता असलेलं मतदार कार्डही चालतं. मतदार नोंदणीचा फॉर्म ८ भरून नाव इकडे हलवा.

---

गुंतवणूकगुरू:

लेकीच्या नावाने सुकन्या समृद्धी उघडली का? ८.२ टक्के व्याज आहे. वर्षाला फक्त २५० भरले तरी खातं चालू राहतं.

---

निवृत्त बँकवाला:

खातं चांगलं आहे, पण डोक्यावर आठवड्याचा हप्ता असताना तिथे जास्त टाकू नका. मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत कधीही उघडता येतं. तो ६२० चा हप्ता किती आठवडे राहिलाय ते आधी कार्डावर मोजा.

---

शिनोळीपलीकडची (तीन आठवड्यांनी):

सगळ्यांना एकत्रच लिहिते.

हप्त्याचं कार्ड मोजलं. अजून अकरा आठवडे. मला वाटत होतं वर्षभर आहे! ते संपलं की २,४८० मोकळे, ते फीच्या शेवटच्या भागाला लावायचे असं वहीत लिहून ठेवलंय.

यांनी एक खाडा केला आणि आम्ही चंदगडला जाऊन आलो. ग्रामसेवक दुपारी तीनला आले. साक्षीदार म्हणून भाऊ, चुलते आणि चहाच्या गाड्यावरचे एक आजोबा, ज्यांनी आमच्या लग्नात वाढपं केलेलं. दाखला मिळाला. रेशनचा दाखलाही. बाबांनी कार्डातून माझं नाव गेलेलं पाहिलं आणि काही बोलले नाहीत, कार्ड परत प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं.

भिशीतल्या एका ताईंनी नंबर बदलून दिला. कॉलेजला लेखी अर्ज दिला, १८,००० चे तीन भाग मान्य झाले.

पगारपत्रक यांनी कधी उघडून बघितलंच नव्हतं. ईएसआय कापतात. पहिल्या दिवसापासून. आम्ही खोकल्याला तीनदा खासगीत गेलो.

घरमालकांकडे बिल मागितलं. मीटर एकच आहे. बिल बघायला मिळालं नाही, पण "या महिन्यापासून दीडशे द्या" म्हणाले. कडोलीचे दादा, काय समजायचं ते मी समजले.

सासूबाईंना पैसे मागितले नाहीत. शिकवण्याचे पाठ सुरू झालेत, सोमवार ते शुक्रवार लेकीला बघायला येता का, एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, "म्हशीचं कोण बघणार?" मग चार दिवसांनी स्वतःच आल्या, एका हातात तांदळाची पिशवी, दुसऱ्यात चुलीवर भाजलेलं सुकट, आणि बस स्टँडपासून घरापर्यंत ते शून्याचं तिकीट मुठीत जपून आणलेलं. म्हैस धाकट्या जावेवर सोपवलीये. मंगळवार ते गुरुवार राहणार. मावशींना आता ८०० ऐवजी ४००. संघाच्या हप्त्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही.

आता नवीन अडचण. आधारची विनंती घातली, पण यांच्या आधारला जोडलेला नंबर जुना निघाला, लग्नाआधीचा, कधीच बंद पडलेला. ओटीपी येत नाही. ३० दिवसांतले नऊ गेले. नंबर बदलायला यांना केंद्रावर पाठवायचंय, पण या आठवड्यात यांची दिवसपाळी आहे. अनगोळ किंवा टिळकवाडीच्या बाजूला संध्याकाळी पाचनंतर चालू असणारं आधार केंद्र कुणाला माहीत आहे का?