पाणकावळा कावळाच ना? आणि करढोक म्हणजे कोण?

काल सकाळी लेकीला घेऊन पाषाण तलावावर गेले होते, पाण्यातल्या वाळक्या झाडावर काळे पक्षी पंख पसरून बसलेले, शेजारी उभे असलेले काका म्हणाले पाणकावळे. तेव्हापासून पोरगी विचारतेय, पाण्यात राहतो तर कावळा कसा? करढोक असाही शब्द वाचला, तो हाच का?

—

हो ताई, करढोक म्हणजे पाणकावळाच, पण तो शब्द पुस्तकातला, तलावावर कुणाच्या तोंडी मी तरी ऐकला नाही. कावळ्याशी मात्र त्याचं नातं नाही. पाणघोडा घोडा नसतो, पाणमांजर मांजर नसतं, तसंच हे, साम्य फक्त काळ्या रंगाचं. कावळ्याची बोटं सुटी असतात, याची चारही बोटं एका पडद्याने जोडलेली आणि चोचीचं टोक आकड्यासारखं वळलेलं, मासा निसटू नये म्हणून. तरी कावळा हे नाव आपणच दिलं असं नाही बरं का, संस्कृतात जलकाक आहे आणि इंग्रजीतला कॉर्मोरंटसुद्धा लॅटिनमधल्या 'समुद्री कावळा' अशा अर्थाच्या शब्दांवरून आलाय! मला हे फार सुंदर वाटतं.

पंखांचं तर लेकीला नक्की सांगा. बदकाच्या पिसांवरून पाणी ओघळून जातं, याच्या पिसांची बाहेरची बाजू भिजते, त्यातली हवा निघून जाते, अंग तरंगत नाही आणि बुडी मारून माशामागे पोहायला सोपं जातं. अंगालगतचा थर तेवढा कोरडा राहतो. मग वर येऊन पंख वाळवत बसायचं. पाषाणला दिसतो तो बहुतेक छोटा पाणकावळा, साधारण 50 सेंमी. मोठा 80 ते 100 सेंमीचा, विणीच्या दिवसांत मांडीवर पांढरा डाग येतो, आणि हा आशिया, युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अगदी उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही सापडतो.

—

एक भर घालतो. छांदोग्य उपनिषदात सत्यकाम जाबाल या शिष्याला ब्रह्माचा एक पाद, म्हणजे चौथा भाग, सांगायला मद्गु येतो, मद्गु म्हणजे बुडी मारणारा पाणपक्षी, बरेच अभ्यासक तो पाणकावळाच मानतात. आणि ताई, तिथेच गोल गुबगुबीत, एवढासा पक्षी बुडी मारताना दिसला तर ती टिबुकली, गल्लत करू नका.

—

दोघांचेही मनापासून आभार. लेकीला बोटांचा पडदा बघायचाय, दुर्बीण घेऊन रविवारी परत जातोय.