अनुभव धागा: सातारा-सांगलीकरांनो, कुठली जाहिरात अजून तोंडपाठ आहे?

दूरदर्शनवर जाहिराती आल्या 1976 साली आणि रंग आले 1982 साली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत अर्ध्या मिनिटात अख्खी गोष्ट सांगणारी फार हुशार माणसं या धंद्यात होऊन गेली. अजिंक्यताऱ्यावर टीव्हीचा टॉवर, आणि तरी गच्चीवर चढून अँटेना फिरवत बसायचो आपण. त्या मालिकांतल्या निम्म्या आता आठवत नाहीत, मधल्या जाहिराती मात्र शब्दन् शब्द आठवतात. मला वाटतं, त्यातली माणसं आपल्या ओळखीची होती म्हणून. तेव्हा नुसतं नाव टाकून जाऊ नका. जाहिरातीतलं नेमकं काय मनात बसलं, कुठं आणि कुणाबरोबर बघितली, ते लिहा.

माझी आवडती 1994 ची, कॅडबरीची क्रिकेटवाली. फलंदाज नव्याण्णववर, चेंडू उंच उडालेला, खाली क्षेत्ररक्षक वाट बघतोय आणि प्रेक्षकांत बसलेल्या त्या मुलीचा जीव टांगणीला लागलेला. षटकार जातो आणि ती उठून सुटते. अडवायला आलेल्या रखवालदाराला चकवून मैदानात जाते आणि नाचते. शिमोना राशी तिचं नाव. तो नाच बसवलेला वाटतच नाही, हात-पाय कुठंही जातात, आणि तिकडं फलंदाज लाजून चूर. जाहिरात पीयूष पांडे यांची, हिंदीत गायले शंकर महादेवन. शाहूपुरीत चुलत्यांच्या घरी आम्ही सगळे टीव्हीसमोर असायचो. आत्या एरवी जाहिरात लागली की भाजी निवडायला घ्यायची, पण ही लागली की हात थांबायचे. "पळाली बघ पोरगी!" एवढंच म्हणायची, दर वेळी तितक्याच आनंदानं. 2021 मध्ये तीच जाहिरात उलटी करून आली. षटकार मारणारी मुलगी, नाचत मैदानात जाणारा मुलगा. आत्याला फोनवर दाखवली, तर परत लाव म्हणाली. 2025 च्या ऑक्टोबरात पीयूष पांडे गेल्याची बातमी आली, तेव्हा मला पहिल्यांदा आत्याच आठवली.

मिरजेहून
आमच्या घरात तंबोरे होतात. वडील मांडीवर भोपळा घेऊन तारांखालच्या घोडीवर कानस फिरवत बसलेले असायचे, जवारी काढायचं, म्हणजे तारेचा नाद जुळवायचं काम. त्या वेळी त्यांना कुणी हाक मारलेली चालायची नाही. पण ताजमहाल चहाची जाहिरात लागली की कानस आपोआप थांबायची. झाकीर हुसेन, मागं ताजमहाल, उडणारे केस आणि ते "अरे हुजूर, वाह ताज बोलिए". आम्ही मुलं केस बघायचो, वडील म्हणायचे, "बायाँ बघ रे, डाव्या हाताचं मनगट बघ." डग्ग्यावर मनगट कसं घासत जातं, हे त्यांनी मला त्या जाहिरातीवर दाखवलंय. शास्त्रीय संगीतातला एवढा मोठा कलावंत ज्यांनी कधी मैफलीला पाऊल टाकलं नव्हतं त्यांच्याही घरात रोज संध्याकाळी यायचा, ही केवढी गोष्ट आहे! डिसेंबर 2024 मध्ये उस्ताद गेले, त्या रात्री आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणांनी स्टेटसला मैफल नाही, हीच जाहिरात ठेवली होती.

तासगाव तालुक्यातून
मी सुतार. फेविकॉलची बसवाली माझी. राजस्थानातलं वाळवंट, बसच्या टपावर, दाराला, खिडकीला माणसंच माणसं. रस्ता खड्ड्यांचा, गाडी हिंदकळतीय, पण एक माणूस खाली पडत नाही. कुणी बोलत नाही. गाडी पुढं गेली की मागच्या बाजूला फेविकॉलचा फलक दिसतो, संपलं. प्रसून पांडे यांनी केलेली, पीयूष पांडेंचे धाकटे भाऊ. आमच्याकडं बाजारादिवशीची एसटी बघितली असंल त्याला ही समजावून सांगायला लागत नाही. अंडं न फुटणारी पण तशीच, कोंबडी फेविकॉलच्या डब्यात दाणं टिपतीय आणि आचारी अंडं आपटून आपटून दमतोय. आणि त्याच्याआधीची ती रस्सीखेचीची, त्यात राजकुमार हिरानी हाय, अजून पिक्चर काढायला लागला नव्हता तेव्हाचा. सुताराच्या पिशवीतला डबा घराघरात माहीत झाला तो ह्या लोकांमुळं. गिऱ्हाईक स्वतः विचारायला लागलं, कशानं चिकटवणार? कामाला मान आला.

कोरेगावहून
सर्फच्या ललिताजी! कविता चौधरी. भाजीवाल्याशी घासाघीस करतात आणि वर ठणकावून सांगतात की सस्ती चीज आणि अच्छी चीज यांत फरक असतो. निरमा निम्म्याहून कमी भावात मिळायला लागल्यावर सर्फला उत्तर द्यावंच लागलं, त्यातून ही बाई जन्माला आली. जाहिरातकार अलिक पदमसींचं डोकं. मला आवडायचं ते हे की ती कुणाला खूश करायला बघत नाही. कॅमेऱ्यात सरळ बघते, पिशवी हातात, मान ताठ. आमची आई आठवडी बाजारात अगदी तशीच उभी राहायची. पुढं 1989 साली 'उडान' मालिकेत पोलीस अधिकारी म्हणून त्याच दिसल्या आणि आमच्या वर्गातल्या मुलींना तर त्या आपल्याच वाटल्या. गंमत म्हणजे घरी पावडर निरमाचीच यायची, आणि तिच्या जाहिरातीतलं हेमा, रेखा, जया, सुषमा आम्ही दोरीवरच्या उड्या मारताना म्हणायचो.

सांगली, मार्केट यार्डाजवळून
आमची हळदीची अडत. विको टर्मरिक लागली की आजोबा आवाज मोठा करायला सांगायचे. पेंढारकरांची मराठी कंपनी, आणि हळदीला टीव्हीवर असा मान. बास, एवढंच.

वाईहून
"उठा उठा दिवाळी आली, मोती स्नानाची वेळ झाली." दारोदार जाऊन उठवणारे ते आजोबा म्हणजे विद्याधर करमरकर. मराठी जाहिरातीत मराठी वाडा, मराठी पहाट, आणि ते हसणं. नातवंडांना अजून मी त्याच ओळीनं उठवते.

कराडहून
2009 ची आयपीएल, इंजिनिअरिंगचं हॉस्टेल, टीव्ही एकच. व्होडाफोनचे झूझू लागले की "आज नवीन आहे" अशी आरोळी व्हायची आणि वरच्या मजल्यावरून पोरं धावत खाली यायची. आम्ही सगळे ते कॉम्प्युटरवर काढलेलं धरून चाललो होतो. आत खरी माणसं आहेत, पांढरे पोशाख घालून दक्षिण आफ्रिकेत चित्रीकरण झालंय, हे कळल्यावर प्रत्येक जाहिरात पुन्हा बघितली. खांदे कसे हलतात, पोट धरून हसताना वाकतात कसे! एक शब्द नाही, चेहऱ्यावर नुसते ठिपके, तरी कोण रुसलंय आणि कोण फुशारकी मारतंय ते लगेच कळायचं.

(धागाकर्ता: मिरजकर, वडिलांना नमस्कार सांगा. 'हमारा बजाज' अजून कुणीच कशी काढली नाही? नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघून ज्यांच्या दारात स्कूटर आली, त्यांनी आता लिहायलाच हवं. धारा तेलाची जलेबीवाली मी मुद्दाम सोडलीय, ती फलटणकरांनी मागून ठेवली आहे.)