थंडी 'शिव शिव' करत जाते : शिव, शीव की हीव?

गिरणाकाठ : अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियातली प्रथा मराठीत आणायची आहे. २ फेब्रुवारीला ग्राउंडहॉग बिळाबाहेर येतो. त्याला स्वतःची सावली दिसली की थंडी आणखी सहा आठवडे. मसुद्यात 'घुशीला सावली दिसली' असं आहे. चालेल? आणि थंडी सरते, ओसरते की मोडते?

तापीतीर : कडाका मोडतो, थंडी ओसरते. घूस मात्र नको. तो प्राणी खारीच्या कुळातला, आणि घूस म्हटलं की पोखरलेली धान्याची कोठी आठवते. ग्राउंडहॉगच ठेवा.

पोगा : आपल्याकडे शिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाते, उरलीसुरली होळीत जळते. हे 'शिव शिव' म्हणजे मुळात 'हिव हिव', हीव म्हणजे थंडी. अहिराणीत हिवच वाजतं.

जुनी पोथी : ओढाताण आहे. 'हिम'चं हीव झालं, म चा व होऊन. 'सीमा'ची शीव झाली तीही तशीच. पण म्हणून ह चा श होत नाही. त्यापेक्षा 'थंडी शिवेपार गेली' निदान कानाला तरी पटतं.

पोगा : कानाला पटतं, पण तसं बोलतं कोण? पुस्तकातच.

तापीतीर : शब्द कुठलाही घ्या, तिथीवर केळीची बाग सोडू नका. शिवरात्र २०२४ला ८ मार्चला होती, २०२५ला २६ फेब्रुवारीला, २०२६ला १५ फेब्रुवारीला. थंडी काही अधिक महिना पाळत नाही. रात्रीचा पारा १० अंशांखाली गेला की केळीला चरका बसतो: पानं पिवळी पडतात, कडा करपतात, वाढ थांबते. निसवणीवर, म्हणजे घड बाहेर पडण्यावर आलेल्या झाडाचा घड गळ्यातच अडकतो. कांदेबागेची, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या केळीची, रोपं लहान, म्हणून त्यांना जास्त जपायचं. पाणी रात्री द्यायचं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं. पहाटे बांधावर ओलसर काडीकचरा धुमसत ठेवायचा. जाळ झाला तर ऊब वर निघून जाते, धूर राहत नाही. वाऱ्याला शेवरीचं कुंपण हवं, पण ते लागवडीबरोबरच. डिसेंबरात आठवून उपयोग नाही.

जुनी पोथी : चरका तर भाजल्याचा! थंडीने कसा बसेल?

पोगा : कडा बघा, भाजल्यासारख्याच तपकिरी होतात. शेतकऱ्याने नाव बरोबर दिलंय.

जुनी पोथी : मग 'करपा' काय वाईट होता?

तापीतीर : करपा हा बुरशीचा रोग, त्याला फवारणी लागते. चरक्यावर तीच फवारणी केली की पैसे पाण्यात.

गिरणाकाठ : आणि माझा ग्राउंडहॉग?

पोगा : त्याला हिव वाजत असेल. अहिराणीत 'वाजतं'च लिहा, 'लागतं' नको.