मदत हवी आहे : इंग्रजीतील ‘पुट अप’ नेमके कसे वापरावे?

पेडणे तालुक्यात किनाऱ्याजवळ आमचे छोटे गेस्ट हाऊस आहे. परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती (पूर्वीचा ‘सी फॉर्म’) सरकारला ऑनलाइन कळवावी लागते आणि पुढचा मुक्काम कुठे, हेही त्याला विचारावे लागते. त्यासाठी काउंटरवरची मुले सर्रास ‘व्हेअर आर यू पुटिंग अप आफ्टर धिस?’ असे विचारतात. दिल्ली-मुंबईचे पाहुणे लगेच हॉटेलचे नाव सांगतात; इंग्लंडहून आलेले मात्र क्षणभर थांबून ‘यू मीन स्टेइंग?’ असे उलट विचारतात. शब्दकोशात ‘पुट अप’चा मुक्काम करणे हा अर्थ दिलेला असल्याने मुलांना चूक तरी कशाच्या आधारावर म्हणावे?

दुसरे असे की, शेजारच्या बांधकामाच्या गोंगाटाबद्दल दिलगिरीची पाटी लावायची आहे. तिच्यावर ‘थँक यू फॉर पुटिंग अप विथ अस’ लिहिल्यास ‘आमच्याकडे उतरल्याबद्दल आभार’ असा अर्थ होईल काय?

उत्तर :

मुलांचे वाक्य चुकीचे नाही, जुन्या वळणाचे आहे. प्रवासी सराईमध्ये उतरला या अर्थाने ‘ही पुट अप ॲट ॲन इन’ अशी वाक्ये एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी गद्यात सहज सापडतात. ती लकब आपल्याकडे टिकली, ब्रिटनमधील रोजच्या बोलण्यातून मात्र बरीचशी गेली. तिथे आता बहुधा सोय करणारा हा कर्ता असतो : ‘माय कझिन पुट मी अप फॉर अ वीक’, किंवा विमान रद्द झाल्यावर ‘दि एअरलाइन पुट अस अप इन अ हॉटेल’. यात सर्वनाम मध्येच यावे लागते, ‘पुट अप मी’ होत नाही. नाम असेल तर ‘पुट द गेस्ट्स अप’ आणि ‘पुट अप द गेस्ट्स’ ही दोन्ही रूपे चालतात. पाहुणा स्वतःच्या पैशाने राहत असेल तर सरळ ‘स्टे’ वापरावे.

‘विथ’ जोडताच मुक्कामाचा संबंध सुटतो आणि अर्थ सहन करणे, चालवून घेणे असा होतो. त्यामुळे तुमच्या पाटीचा अर्थ ‘आम्हाला सहन केल्याबद्दल आभार’ असा होईल, आणि इंग्रज पाहुणा ती वाचून गालातल्या गालात हसेल! क्रियापद मात्र तुम्ही अचूक निवडले आहे, केवळ कर्म बदलावे : ‘थँक यू फॉर पुटिंग अप विथ द नॉइज’. हे तीन शब्द एकत्रच राहतात; सर्वनामही शेवटीच येते, ‘पुट अप विथ इट’. काउंटरवर ‘व्हेअर आर यू स्टेइंग नेक्स्ट?’ एवढे पुरे.