व्हीआरआरपी: अपलिंक तुटली तरी बॅकअप स्विच मास्टर होत नाही (मदत हवी आहे)

मंडळी, नेटवर्कवाल्यांनी जरा इकडे लक्ष द्या. व्हीआरआरपी म्हणजे दोन स्विचनी मिळून एकच गेटवे (बाहेर जायचा पत्ता) सांभाळायचा प्रोटोकॉल: जास्त प्रायॉरिटीवाला मास्टर, दुसरा बॅकअप.

कॉलेजात दोन लेयर थ्री (राउटिंगही करणारे) स्विच आहेत, अ आणि ब. दोघांमध्ये ट्रंक (अनेक व्हीलॅन, म्हणजे वेगळी केलेली आभासी नेटवर्क, वाहणारी जोडणी), दोघांकडून कोअर राउटरला वेगवेगळी फायबर (हीच अपलिंक), त्यावर ओएसपीएफ (राउटर एकमेकांना रूट कळवतात तो प्रोटोकॉल). लॅबच्या व्हीलॅनमध्ये अ चा पत्ता १०.२०.०.२, ब चा १०.२०.०.३ आणि पीसींना गेटवे दिलाय तो व्हर्च्युअल आयपी १०.२०.०.१. अ ची प्रायॉरिटी १२०, ब डिफॉल्टवर म्हणजे १००. प्रीएम्प्ट (जास्त प्रायॉरिटीवाल्याने चालू मास्टरकडून ताबा घेणं) दोन्हीकडे चालू. अ वर अपलिंकचं ट्रॅकिंग आहे: पोर्ट पडला की प्रायॉरिटी १० ने कमी.

अ ची वीज काढली की तीन-चार सेकंदांत ब ताबा घेतो, तक्रार नाही. पण नुसती अपलिंक फायबर उपसली तर लॉगमध्ये ट्रॅक डाउन येतं, प्रायॉरिटी ११० दिसते आणि तरी अ मास्टर म्हणून ठाण मांडून बसतो. लॅबचं इंटरनेट बंद.

दुसरं, अ रीबूट होऊन आला की गेटवेला पिंग जातो, बाहेरचं मात्र पाऊण मिनिट ठप्प. ऑनलाइन परीक्षेत असं झालं तर माझी धडगत नाही.

ब ची प्रायॉरिटी वाढवू, की ॲडव्हर्टाइजमेंटचा (मास्टर ठरावीक वेळाने ‘मी आहे’ सांगतो त्याचा) वेळ कमी करू? स्विच जुने आहेत, व्हीआरआरपी फक्त व्हर्जन २.

प्रतिसाद

अहो, ११० हेच उत्तर आहे की! ब आहे १०० वर, तो कशाच्या जोरावर मास्टर होणार? २० वजा करूनही भागणार नाही, बरोबरी झाली तर चालू मास्टर हलत नाही. ३० करा, अ ९० वर येईल. ब ला हात लावू नका.

टाइमरच्या नादी लागू नका. प्रमाण व्हर्जन २ मध्ये एक सेकंदाच्या खाली जाता येत नाही. तीन ॲडव्हर्टाइजमेंट चुकण्याचे ३ सेकंद, वर १०० प्रायॉरिटीचा ०.६ सेकंदाचा स्क्यू (प्रायॉरिटीनुसार मिळवलेला जादा वेळ); तुमचे तीन-चार सेकंद इथूनच येतात.

पाऊण मिनिटाचं दुखणं वेगळं. अ उठतो, १२० सांगतो, ब निमूट बाजूला होतो; पण अ कडे अजून बाहेरचा रूटच नसतो. अपलिंक ओएसपीएफच्या ब्रॉडकास्ट प्रकारात असेल तर डीआर (त्या जोडणीवरचा प्रमुख राउटर) निवडण्याआधी डिफॉल्टने ४० सेकंद वाट बघितली जाते. दोन्ही टोकांना पॉइंट टू पॉइंट करा (त्यात डीआर निवडतच नाहीत) आणि अ वर प्रीएम्प्ट डिले (ताबा परत घेण्याआधीची थांब) दोनेक मिनिटं लावा.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. एक भर: फायबरच्या वाटेत मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी डबी) असेल तर पलीकडे तुटलं तरी अ च्या पोर्टचा दिवा हिरवाच राहू शकतो, मग ट्रॅकिंगला पत्ताच लागत नाही. ट्रंकवर वेगळा व्हीलॅन घेऊन अ आणि ब मध्येही ओएसपीएफ चालवा. अपलिंक गेली तरी अ पॅकेट ब कडून काढेल. मी तर आधी हेच केलं असतं.

धागाकर्ता

३० केलं, फायबर उपसली, ब मास्टर झाला. आभार! डिलेची चाचणी रात्री. तोवर परीक्षेपुरतं प्रीएम्प्ट बंदच ठेवलं तर?

प्रतिसाद

दोन्हीकडे नको. ब वर बंद केलंत तर अ ९० वर आला तरी ब उठणार नाही, ट्रॅकिंग फुकट. फक्त अ वर बंद करा. मग ताबा ब कडे गेला की तिथेच राहील, परीक्षा संपल्यावर सावकाश अ कडे आणा.